पहिल्या फ्लॅटची ऑफर: आकडा, अटी आणि पोटातला गोळा

फ्लॅट दोनदा बघून झालेला असतो. उजेड आवडलेला असतो, आईने ओट्याची उंची हाताने जोखलेली असते, आणि जिना उतरताना एजंट विचारतो, "मग, बोलू का मालकांशी? किती सांगू?" पहिलं घर घेणाऱ्या बहुतेकांची झोप या प्रश्नापासून उडते. तोवर बघणं चाललेलं असतं; आता एक आकडा तोंडातून काढायचा असतो आणि त्या आकड्याला पुढची वीस वर्षं जोडलेली असतात.

हा लेख पुण्यात रिसेल फ्लॅट घेणाऱ्यांसाठी आहे. मुंबई, ठाणे, नाशिकलाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं, शुल्काचे दर तेवढे बदलतात. रिसेलच का, तर खरी ऑफर तिथेच करावी लागते. बिल्डरकडे छापील दरपत्रक असतं, इथे समोर एक माणूस असतो. माझं सांगणं एवढंच की आकडा एजंटसमोर सुचू देऊ नका. तो, त्याची वरची मर्यादा आणि तुमच्या अटी घरी बसून कागदावर उतरवा आणि मगच तोंड उघडा. भीती बरीचशी अनुत्तरित प्रश्नांची असते, आणि ते प्रश्न मोजता येण्याइतके थोडे आहेत.

आधी स्वतःच्या खिशाचा आकडा

घराचा भाव आणि घरासाठी लागणारा पैसा या दोन वेगळ्या रकमा आहेत. समजा, पुणे महापालिका हद्दीतला टू बीएचके ७२ लाखांना ठरला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. म्हणजे इथे जास्तीत जास्त ५७ लाख ६० हजार. उरलेले १४ लाख ४० हजार तुमचे.

त्यावर मुद्रांक शुल्क. पुण्यात सगळे अधिभार धरून ते ७ टक्के, म्हणजे ५ लाख ४ हजार. मुंबईत ६ टक्के. घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत मिळते, इथे चांगले ७२ हजार. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. हे घरात आधीच बोलून घ्या, निबंधक कार्यालयाच्या दारात नको. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. दलाली १ टक्का धरली तर ७२ हजार. सोसायटीची हस्तांतरण फी महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५ हजार. शिवाय वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, सामान हलवणं, एखाद्या खोलीचा रंग. हे सगळं धरून खिशातून जाणारी रक्कम साडेएकवीस लाखांच्या घरात पोचते. बँक ८० टक्के काढते ते घराच्या किमतीचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्यात धरत नाही. ज्यांनी फक्त "२० टक्के आपले" एवढंच डोक्यात ठेवलेलं असतं, त्यांची धावपळ इथे होते.

हप्ता ८.५ टक्के व्याजाने आणि २० वर्षांच्या मुदतीने साधारण ५० हजार येतो. व्याज १ टक्क्याने वाढलं तर ५३ हजार ७००च्या आसपास. गृहकर्ज बहुधा बदलत्या व्याजदराचं असतं, म्हणून दुसरा आकडा झेपतो का ते बघा.

सध्या २२ हजार भाडं भरत असाल, तर उरलेले २८ हजार पगार झाल्याच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकायला लागा, अगदी घर शोधायला सुरुवात केल्यापासून. तीनचार महिने महिना नीट सरला तर हप्त्याची भीती आपोआप कमी होते, कारण तो हप्ता तुम्ही जगून बघितलेला असतो. नाहीच सरला, तर कमी किमतीचं घर शोधायचं. ते ऑफरच्या आधी कळलेलं फार बरं.

घर ठरवण्याच्या आधी बँकेकडून तुमच्या उत्पन्नावर आधारित मंजुरीपत्र घेऊन ठेवा. ते हातात असलेला माणूस विकणाऱ्याला वेगळा वाटतो.

त्या इमारतीत खरंच काय भाव चाललाय

वेबसाइटवर दिसतो तो सांगितलेला भाव. झालेला भाव सरकारदरबारी लिहिलेला असतो आणि तो कुणालाही बघता येतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर "ई-सर्च" आहे. तिथे वर्ष, जिल्हा, गाव आणि सर्व्हे नंबर, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकला की त्या मिळकतीवर नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण म्हणतो ती इंडेक्स टू, दिसते. त्यात मोबदला (दस्तातली किंमत), बाजारभाव (सरकारी मूल्य), क्षेत्रफळ आणि नोंदणीची तारीख असते. इमारतीचा सर्व्हे नंबर मालमत्ता कराच्या पावतीवर नसेल तर जुन्या दस्तात सापडतो, एजंटकडे मागा. गावाचं नाव निवडताना जुन्या महसुली गावाचं नाव निवडावं लागतं, आजच्या वस्तीचं नव्हे.

मागच्या वर्षा-दीड वर्षातले त्याच सोसायटीतले, नाहीतर शेजारच्या तशाच सोसायटीतले व्यवहार लिहून काढा. क्षेत्रफळ कार्पेट (भिंतींच्या आतलं, प्रत्यक्ष वापरायचं) आहे की बिल्टअप (भिंतींच्या जाडीसह), ते तपासूनच तुलना करा. जुन्या दस्तांत बिल्टअप असतं, जाहिरातीत "सेलेबल" (जिना, लिफ्टसारख्या सामायिक जागेचा वाटा मिळवलेलं) असतं, आणि या दोघांच्या भावाची सरळ तुलना करणारा हमखास फसतो. तुम्ही पैसे कार्पेटचेच मोजताय असं समजून प्रत्येक घराचा कार्पेट चौरस फुटाचा भाव काढा. शक्य असेल तर टेप घेऊन खोल्या स्वतः मोजा. मालकाला सांगून केलं तर यात वाईट वाटण्यासारखं काही नसतं.

याच संकेतस्थळावर रेडी रेकनर, म्हणजे सरकारी वार्षिक मूल्यदर आहेत. मुद्रांक शुल्क तुमचा मोबदला आणि हे सरकारी मूल्य, यांपैकी जे जास्त त्यावर लागतं. सरकारी मूल्य तुमच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वर असेल, तर फरकाची रक्कम आयकरात तुमचं उत्पन्न धरली जाऊ शकते. त्यामुळे फार स्वस्त मिळालेल्या घरातही सीएला एक फोन करावा लागतो.

आता आपलं उदाहरण पुढे नेऊ. मालक ७८ लाख सांगतोय. इंडेक्स टूमध्ये त्याच सोसायटीतले तेवढ्याच कार्पेटचे फ्लॅट ६८ ते ७१ लाखांना गेलेले दिसतात. एवढं दिसल्यावर ७८ या आकड्याचा धाक उरत नाही.

विकणारा कोण आणि का विकतोय

हे विचारायला लोक लाजतात. विचारा, सरळ आणि आपुलकीने: "काका, इतकं छान घर आहे, विकताय का?" उत्तरातून भावापेक्षा मोलाची माहिती मिळते. मुलाकडे बंगळुरूला कायमचं जाणाऱ्या जोडप्याला घाई नसते, पण सामान आवरायला वेळ हवा असतो. ज्यांनी दुसरं घर आधीच बुक केलंय, त्यांना ठरावीक तारखेला पैसे हवे असतात. वारसाहक्काने घर मिळालेल्या चार भावंडांना भावापेक्षा भांडण मिटणं महत्त्वाचं असू शकतं. ज्याला वेळ हवा त्याला वेळ द्या, ज्याला तारीख हवी त्याला तारीख द्या. भाव खाली आणायचा हा सर्वात सभ्य मार्ग आहे, आणि कित्येकदा शेवटच्या एक-दोन लाखांचा तिढा त्यानेच सुटतो.

मालक परदेशात असेल तर दोन गोष्टी वेगळ्या होतात. पुण्यातले पुष्कळ फ्लॅट अमेरिकेत, आखातात राहणाऱ्या आपल्याच माणसांचे आहेत. भारतात राहणाऱ्या (निवासी) मालकाकडून ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर घेताना तुम्ही १ टक्का टीडीएस, म्हणजे मालकाच्या नावे आगाऊ आयकर, कापून सरकारकडे भरता. ७२ लाखांच्या व्यवहारात हे ७२ हजार किमतीतूनच वजा होतात, वरून द्यायचे नसतात. अनिवासी मालकाला हा १ टक्क्याचा नियम लागू नाही. तिथे कपात कितीतरी जास्त असते आणि ती कमी कापली तर जबाबदारी घेणाऱ्यावर येते, त्यामुळे सीएशिवाय पुढे जाऊच नका. दुसरं, सही करणारा कुलमुखत्यार (मालकाने लेखी अधिकार दिलेला माणूस) असेल तर मुखत्यारपत्रात हा फ्लॅट विकण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलाय का, ते वकिलाला दाखवा. आणि मालकाशी व्हिडिओ कॉलवर स्वतः बोला.

मालक वारलेले असतील आणि "नॉमिनी मीच आहे" असं कुणी सांगत असेल तर थांबा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं.

टोकनच्या आधी बघायचे कागद

सगळी छाननी ऑफरच्या आधी होत नाही, ती वकिलाची आहे आणि पुढे होते. पण काही कागद बघितल्याशिवाय पैसा हलवू नका. बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतच्या सगळ्या नोंदणीकृत दस्तांची साखळी, प्रत्येकाची इंडेक्स टू. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरण्याची परवानगी), पुण्यात सर्वसाधारण बोलण्यात कम्प्लिशन. सोसायटीचा भाग दाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, मागच्या बाजूला आजच्या मालकाचं नाव चढलेलं. मालमत्ता कराची आणि मेंटेनन्सची ताजी पावती. मालकाचं कर्ज चालू असेल तर बँकेचं थकबाकीचं पत्र आणि बँकेकडे असलेल्या मूळ कागदांची यादी. मालक "कर्ज फिटलंय" म्हणत असेल तर मूळ दस्त डोळ्यांनी बघा. सेरसाई या केंद्रीय नोंदणीत थोडी फी भरून गहाण आहे का हे शोधता येतं.

पुणे महापालिकेत २०१७ आणि २०२१ मध्ये आलेल्या गावांत भोगवटा प्रमाणपत्राबाबत जास्त काटेकोर राहा. तिथे जुन्या परवानग्या वेगळ्या प्राधिकरणांच्या असतात, काही इमारतींना परवानगीच नसते, आणि अशा घरावर चांगली बँक कर्ज देत नाही. बँक नाही म्हणतेय म्हणून दुसरी शोधण्याआधी पहिली का नाही म्हणाली ते विचारा.

सोसायटीचा मागचा वार्षिक अहवाल मिळाला तर सोनंच. टँकरवर वर्षाला किती खर्च झाला, सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीत) किती आहे, लिफ्ट किंवा गळतीसाठी वर्गणी काढायचं चाललंय का, जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालंय का, हे सगळं त्यात असतं. इमारत १५ वर्षांहून जुनी असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे दर पाच वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हायला हवी, ३० वर्षांनंतर दर तीन वर्षांनी. अहवाल मागा. वॉचमनला पाण्याची वेळ विचारा आणि संध्याकाळी एकदा पार्किंगमध्ये उभे राहा.

पार्किंगबद्दल एक नक्की लक्षात ठेवा: स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) किंवा उघड्यावरची पार्किंगची जागा वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलंय. "पार्किंगचे वेगळे चार लाख" असं कुणी म्हणालं तर सोसायटीच्या नोंदीत ती जागा या फ्लॅटला दिलेली आहे का, हे सचिवांकडून लेखी बघा.

तीन आकडे, एक कागद

आता बसा, दोघं असाल तर दोघं. आधी प्रत्येकाने दुसऱ्याला न दाखवता स्वतःची वरची मर्यादा लिहा, मग चिठ्ठ्या उघडा. एकाची ७६ आणि दुसऱ्याची ७१ निघाली, तर ते मालकासमोर कळण्यापेक्षा इथे कळू दे. बोला, आणि एकच मर्यादा ठरवा.

कागदावर तीन आकडे: सुरुवात, अपेक्षा, मर्यादा. आपल्या उदाहरणात सुरुवात ६८, कारण त्या भावाला इथे खरंच व्यवहार झालेला आहे. अपेक्षा ७१. मर्यादा ७३. सुरुवातीच्या आकड्याला कारण हवं. ७८ मागणाऱ्याला ६० म्हणालात तर तो दुखावतो आणि पुढचं बोलणं तुटतं. ६८ म्हणून "मागच्या वर्षी तुमच्याच बी विंगमधला या भावाला गेलाय" असं सांगितलंत तर तो ऐकून घेतो.

मर्यादेच्या खाली एक ओळ लिहा: "यापुढे मागितले तर आम्ही नमस्कार करून निघू." आणि तारीख घाला. रात्री अकराला एजंटचा फोन येतो, "दुसरी पार्टी ७४ला तयार आहे, तुम्ही ७५ करा, आत्ता फायनल करून देतो," तेव्हा हा कागद उपयोगी पडतो. दुसरी पार्टी खरी असेल किंवा नसेल, तुमची मर्यादा तीच राहते.

ऑफर कशी सांगायची

तोंडी बोला, पण मागोमाग लिहून पाठवा. एजंटमार्फत असेल तर एजंट आणि मालक दोघांना. साधारण असं:

"नमस्कार काका. काल घर पुन्हा दाखवलंत, आभार. आम्हाला घर मनापासून आवडलं. आमची ऑफर ६८ लाख रुपये आहे, सोसायटीने दिलेल्या पार्किंगसह, पूर्ण रक्कम बँकेतून. आमचं कर्जाचं मंजुरीपत्र तयार आहे. कागदपत्रं वकिलांनी तपासल्यावर आणि या फ्लॅटवर बँकेची मंजुरी आल्यावर ४५ दिवसांत व्यवहार पूर्ण करू. ताबा तुमच्या सोयीने, जूनअखेरपर्यंत चालेल. रविवारपर्यंत कळवाल का?"

यात आकडा आहे, त्यात काय काय धरलंय ते आहे, पैसा कुठून येणार ते आहे, दोन अटी आहेत आणि मुदत आहे. घर आवडल्याचं सांगायला घाबरू नका. एजंट म्हणतात तसा निर्विकार चेहरा ठेवायची गरज मला कधी पटली नाही. ज्याने तिथे पंचवीस वर्षं संसार केलाय, त्याला आपलं घर कुणाला तरी मनापासून आवडलंय हे ऐकायचं असतं. लपवायची ती फक्त मर्यादा. एजंटलाही ती सांगू नका, तो कितीही चांगला असला तरी. त्याची दलाली किमतीच्या टक्क्यात असते.

बैठक

बहुधा शेवटचं बोलणं मालकाच्या घरी किंवा एजंटच्या ऑफिसात समोरासमोर होतं. जाताना एकानेच बोलायचं ठरवा. दुसऱ्याने ऐकायचं, आणि गरज पडली तर "आम्ही जरा बाहेर बोलून येतो" असं म्हणायचं. वडीलधाऱ्यांना नेणार असाल तर त्यांना आकडे आधी सांगून ठेवा, नाहीतर "जाऊ दे रे, दोन लाखांसाठी काय अडवायचं" असं प्रेमापोटी त्यांच्याच तोंडून निघतं.

वाढवताना पावलं लहान करत जा: ६८, मग ७०, मग ७१, मग ७१ लाख ४० हजार. समोरच्याला कळतं की टोक जवळ आलंय. प्रत्येक वेळी वाढवताना काहीतरी मागा: किचनमधली चिमणी आणि गीझर राहू द्या, थकलेला मेंटेनन्स तुमच्याकडे, सोसायटीची फी निम्मी निम्मी. समोरून "मधला धरू" असं आलं, तर तो मधला तुमच्या मर्यादेत बसतो का एवढंच बघा. आणि आकडा सांगून झाला की गप्प बसा. ती शांतता फार जड वाटते, तीत लोक स्वतःच्याच विरुद्ध बोली वाढवतात. चहा प्या.

काही रक्कम रोख द्या, असं कुणी म्हणेल. नाही म्हणा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. पण त्याहून जवळचं कारण असं की व्यवहार फिसकटला तर ती रोकड तुम्ही दिली होती हे सिद्ध करायला तुमच्या हातात काही नसतं, आणि कागदावरची किंमत घटल्यामुळे कर्जही घटतं. "आमचा सगळा पैसा बँकेतलाच आहे, रोख नाहीच," हे वाक्य पुरतं.

टोकन आणि इसार पावती

आकडा ठरला की लगेच टोकन मागतात. रक्कम लहान ठेवा, ५१ हजार किंवा १ लाख. पैसे मालकाच्याच खात्यात, चेकने किंवा ऑनलाइन. एजंटच्या खात्यात नाही. आणि त्याच बैठकीत इसार पावती, म्हणजे या आगाऊ रकमेची अटींसह लेखी पावती, सगळ्या मालकांच्या सह्यांसह. घर नवरा-बायकोच्या नावावर असेल तर दोघांच्या.

पावतीत एकूण किंमत, त्यात धरलेलं पार्किंग आणि वस्तू, भरलेली रक्कम आणि व्यवहार क्रमांक, साठेखताची (विक्रीच्या नोंदणीकृत कराराची) अंतिम तारीख, ताब्याची तारीख, आणि तोवरची सगळी देणी मालकाची, एवढं हवंच. खरा जीव मात्र एका कलमात असतो: "खरेदीदाराच्या वकिलांच्या तपासणीत मालकी निर्वेध नसल्याचं आढळल्यास, किंवा बँकेने या सदनिकेवर अपेक्षित कर्ज मंजूर न केल्यास, इसाराची संपूर्ण रक्कम सात दिवसांत परत केली जाईल." हे कलम नसेल तर बँकेच्या नकाराची किंमत तुम्ही भरता.

कर्जाच्या अटीत "अपेक्षित" या शब्दाजवळ रकमेचा आकडा घाला. बँकेचा मूल्यांकनकार स्वतः येऊन किंमत ठरवतो, आणि त्याची किंमत व ठरलेली किंमत यांपैकी कमी असेल त्यावर बँक ८० टक्के काढते. ७२ला ठरलेल्या घराचं मूल्यांकन ६८ आलं, तर कर्ज ५४ लाख ४० हजारांवर येतं आणि ३ लाख २० हजारांचा खड्डा तुम्हाला भरावा लागतो.

मालक अशा पावतीवर सही करायला तयार नसेल, तर शांतपणे म्हणा की आम्ही वकिलांना कागद दाखवतो, आठवडाभरात टोकन घेऊन येतो. चांगला व्यवहार आठवडाभर थांबतो. पितृपक्षात तर एरवीही कुणी टोकन द्यायला धजत नाही; ते पंधरा दिवस कागदपत्रं तपासायला फार उत्तम, आणि नवरात्रात टोकन देता येतं.

पोटातल्या गोळ्याचं काय करायचं

भीती एकच वाटली तरी तिच्यात वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, त्या सोडवून बघाव्या लागतात.

घर हातचं जाईल ही भीती सर्वात मोठ्याने बोलते आणि सर्वात जास्त पैसे घालवते. तिच्यावर उपाय ऑफरच्या आधीचा: आवडलेलं दुसरं एक घर यादीत जिवंत ठेवा. त्याचीही इंडेक्स टू काढलेली असू दे. हे घर गेलं तर उद्या सकाळी फोन कुणाला करायचा हे ठरलेलं असलं की आवाज आपोआप खाली येतो.

फसवले जाऊ ही भीती उपयोगी आहे, तिला कामाला लावा. रात्री जे जे मनात येतं ते वहीत लिहा, आणि प्रत्येक प्रश्नापुढे तो कोण सोडवणार ते लिहा: वकील, बँक, सोसायटीचे सचिव, सीए, की आपण दोघं. ज्याच्यापुढे नाव घालता येत नाही, तो बहुधा प्रश्न नसून काळजी असते. "नोकरी गेली तर?" याला वकील उत्तर देणार नाही, त्याचं उत्तर म्हणजे सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवणं, आणि तेवढे उरत नसतील तर मर्यादा खाली आणणं. काळजीलाही असा आकडा देता येतो.

मग असते "जास्त तर दिले नाहीत ना" ही टोचणी. ती मालकाने होकार दिला त्याच क्षणी सुरू होते, विशेषतः होकार पटकन आला तर. त्याच रात्री मालकाच्या घरातही "कमी तर घेतले नाहीत ना" हे चाललेलं असतं. तुमचा आकडा इंडेक्स टूच्या आधारावर होता आणि मर्यादेच्या आत होता. तो कागद काढून पुन्हा वाचा. ऑफर मान्य झाल्यावर मालमत्तेच्या वेबसाइट बघणं बंद करा. दहा जणांना भाव विचारणंही बंद करा. प्रत्येकाच्या साडूने कुठेतरी स्वस्तात घेतलेलं असतंच, फक्त ते २०१४ साली.

घरातली माणसं बिचकतात ती वेगळ्या कारणाने. ज्या पिढीने कर्ज म्हणजे कमीपणा असं ऐकलंय, त्या आईवडिलांना ५७ लाखांचा आकडा झोपू देत नाही. त्यांना हप्त्याचा कागद दाखवा, महिन्याचा हिशेब दाखवा. "तुम्हाला नाही कळायचं" असं म्हणू नका. त्यांनी विचारलेले प्रश्न पुष्कळदा वकिलाच्या यादीतलेच निघतात.

आणि एक भीती अशी असते जी शांत करायची नसते. मालक मूळ दस्त दाखवायला टाळाटाळ करतो, प्रत्येक भेटीत एक नवा भाऊ निघतो, रोखीचा हट्ट सुटत नाही, "आज टोकन नाही तर विसरा" असं म्हटलं जातं. अशा वेळी पोटात गोळा आला तर त्याचं ऐका आणि निघून या. तिथे धीर धरण्याला मी धाडस म्हणणार नाही.

बिल्डरकडे घेत असाल तर

बोलणी कमी, तपासणी जास्त. महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून मंजूर नकाशे, ताब्याची जाहीर केलेली तारीख आणि तक्रारी बघा. नोंदणीकृत करार करण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, रेरा कायद्यात ते स्पष्ट आहे. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी धरा, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलेल्या घराला जीएसटी नाही. भाव उतरत नसेल तर वरच्या मजल्यासाठी लावलेला जादा भाव, पार्किंग, क्लब हाऊसचे पैसे आणि हप्त्यांचं वेळापत्रक यांवर बोला, तिथे जागा असते. बुकिंग फॉर्मवर सही करण्याआधी रद्द केल्यास किती कापणार ते कलम वाचा.

टोकन ते साठेखत

आता वकिलाकडून मालकीच्या तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च रिपोर्ट आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, कुणाचा हक्क असेल तर कळवावा म्हणून. मराठी दैनिकात द्या. बँकेची कायदेशीर आणि तांत्रिक तपासणी समांतर चालते. सोसायटीकडून थकबाकी नसल्याचं पत्र मालकाने आणायचं. मालकाचं कर्ज असेल तर तुमची बँक आधी त्याच्या बँकेचं कर्ज फेडते आणि मूळ कागद थेट बँकेकडून बँकेकडे जातात. मधल्या काळात कागद कुणाच्या ताब्यात आहेत, हे साठेखतात लिहिलेलं असू दे.

मुद्रांक शुल्क आपल्याकडे बहुतेक व्यवहारांत साठेखताच्या वेळीच पूर्ण भरलं जातं, म्हणून ती रक्कम आठवडाभर आधी एका खात्यात आणून ठेवा. मुदत ठेव मोडायला, पीएफचा पैसा यायला वेळ लागतो. दस्ताचा मसुदा आदल्या रात्री मोठ्याने वाचा, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने आधारकार्ड, पॅन, फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ, सर्व्हे नंबर आणि किमतीचे अंक-अक्षर ताडून बघायचे. दुय्यम निबंधक कार्यालयात अंगठा आणि फोटो देण्याआधी संगणकाच्या पडद्यावर नावं पुन्हा दाखवतात. रांग असते, घाई केली जाते. तरी थांबा आणि आडनावाची वेलांटी बघून मगच हो म्हणा, कारण नंतर ती सुधारायला चूक दुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो आणि त्यावर मालकाचीही सही लागते.